उमरग्याच्या गाडीपाशी अडलेला आवाज

प्रेमानंद ग्यानबा डोंगरे. जन्म सन १९६६, बसवकल्याण तालुक्यातील आमच्याच गावी, मुक्काम बसवकल्याण, बसस्थानकामागील गल्ली, हुद्दा वाहतूक नियंत्रक, लोकांच्या तोंडी ‘कंट्रोलर’, आजमितीस हयात. शेवटचा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. सन २०२४ च्या एप्रिल महिन्यातील एका सकाळी तो लिहिता येईल की नाही, याची खात्री कोणालाच नव्हती.

गावातील मराठी शाळेत तो माझा विद्यार्थी होता. बसवकल्याणच्या स्थानकावर ज्यांनी कधी गाडीची वाट पाहिली असेल, त्यांनी त्याचा चेहरा पाहिला नसला तरी आवाज निश्चित ऐकला असेल. प्रत्येक गाडीची घोषणा तो तीन वेळा करी: प्रथम कन्नडमध्ये, मग मराठीत, शेवटी दखनी वळणाच्या हिंदीत. गाव, फलाट, सुटण्याची वेळ, हा क्रम तिन्ही भाषांत तोच. एकही शब्द घाईने नाही, एकही अर्धवट नाही. त्याचा सहकारी तिप्पण्णा त्याला चिडवी, “डोंगरेअण्णा, तुमच्या तोंडात गाडी टायमाला येती बघा. रस्त्यावर मात्र येत न्हाई.” त्यावर प्रेमानंद म्हणे, “माझं काम सांगायचं. आणायचं काम ड्रायव्हरचं.”

त्याच्या आजाराचा आरंभ शोधायचा तर फार मागे जावे लागते. तो चौथीत असताना त्याचा घसा धरला आणि ताप आला. घसा आपोआप बरा झाला. काही आठवड्यांनी एक गुडघा सुजला, त्याची सूज उतरते न उतरते तोच दुसरा, नंतर घोटा. त्याचे वडील ग्यानबा त्याला खांद्यावर घेऊन शाळेच्या पायरीपर्यंत आणीत. बीदरच्या डॉक्टरांनी सांगितले होते की, या मुलाला दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन द्यावे लागेल, आणि तेही पुष्कळ वर्षे. ग्यानबांनी जवळपास दीड वर्ष ते नेमाने दिले. पुढे मुलगा धावू लागला, खो-खो खेळू लागला. इंजेक्शन फार दुखे. गुडघे बरे झाले, मग सुई कशाला, असे घरात ठरले आणि गावात कोणालाही त्यात वावगे वाटले नाही.

दुसरी हकिकत त्याच्या रक्ताची आहे. तीही सांगणे भाग आहे, कारण पुढील सारे तिच्यावरच उभे आहे. आमच्या ओसरीखाली उभे राहून ग्यानबा ओंजळीने पाणी पीत. वरून कोणीतरी तांब्या ओती. तसा काळ होता आणि तसेच आमचे घर होते. पुढे प्रेमानंद नोकरीला लागल्यावर आमच्या थोरल्या वहिनी, रेणुकावहिनी, बाळंतपणात अतिशय रक्त जाऊन बीदरच्या दवाखान्यात पडल्या. त्यांच्या गटाचे रक्त मिळेना. प्रेमानंदचा गट तोच होता; निरोप मिळताच तो पहिल्या गाडीने आला आणि बाही सरसावून पलंगावर आडवा झाला. वहिनी वाचल्या, मूलही वाचले. त्या दिवशी तो मला एवढेच म्हणाला, “गुरुजी, रक्ताला ओसरी न्हाई.” तेव्हापासून दर वर्षी चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, विहारातील शिबिरात तो रक्त देई. पहिले नाव त्याचे असे. त्याच्या मनात त्या दिवसाला केवढे स्थान होते, हे त्याची पत्नी राजश्री आणि मी, आम्ही दोघेच पुरते जाणून होतो.

सन २०२२ च्या दिवाळीनंतर त्याच्या घोषणांत खंड पडू लागला. कन्नड संपल्यावर मराठी सुरू करण्यापूर्वी तो श्वासासाठी थांबे. स्थानकाचा जिना चढला की छातीत पाखरू फडफडल्यासारखे होई. हृदयाच्या डॉक्टरांनी निदान केले: हृदयातील एक झडप आकसली आहे, ठोके अनियमित पडत आहेत, त्यामुळे वरच्या कप्प्यात रक्त साचून राहते आणि साचलेल्या रक्ताची गाठ होऊ शकते. ती होऊ नये म्हणून रोज रात्री एक गोळी, दर महिन्याला रक्ताची तपासणी, आणि यापुढे रक्तदान नाही.

या साऱ्यांत त्याला शेवटचीच गोष्ट लागली. मी भेटीस गेलो तेव्हा तो म्हणाला, “माझं रक्त आता कुणाच्या कामाचं न्हाई म्हणायलेत, गुरुजी. त्यात औषध हाय म्हणं.”

राजश्री आतून म्हणाली, “कामाचं न्हाई कामून? तुमच्या कामाचं हाय की. आधी सोत्ताला पुरवा, मग गावाला वाटा.”

“हिला एकदा मायक द्या, गुरुजी. तीन भाषा लागायच्या न्हाईत. एकाच भाषेत समदे प्रवासी पळत्याल.”

“प्रवासी ऱ्हाऊ द्या. तुम्ही गोळी गिळा.”

जेवणानंतर ती गोळी त्याच्या तळहातावर ठेवी आणि तो पाणी पिईपर्यंत समोर उभी राही. एका रात्रीचाही खंड तिने पडू दिला नव्हता, अशी तिची समजूत होती आणि माझीही.

सन २०२४ च्या जयंतीस मी विहारात गेलो. पाहतो तो प्रेमानंद शिबिराच्या रांगेत उभा. तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारले, “कोणती गोळी चालू आहे?”

“कोणतीच न्हाई,” तो म्हणाला.

मी मागे उभा होतो. मला धक्काच बसला. मी काही बोलण्यापूर्वीच बाईंनी त्याचे मनगट धरले, पुष्कळ वेळ धरून ठेवले आणि म्हणाल्या, “काका, नाडी सारखी चालत नाही. तुमचे रक्त आम्हाला घेता येणार नाही. आधी हृदयाच्या डॉक्टरांना भेटा.” त्याने दुमडलेली बाही हळूहळू खाली सोडली आणि बटण लावले.

वाटेत मी त्याला म्हणालो, “प्रेमानंद, डॉक्टरांशी खोटे बोलू नये.”

“खोटं न्हाई बोललो, गुरुजी,” तो म्हणाला. हा त्याचा हट्ट आहे असे समजून मी विषय वाढवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला उमरग्यास जायचे होते. फलाटावर गाडी लागली तेव्हा स्थानकाच्या घड्याळात नऊ वाजत होते; ही वेळ पुढे उपयोगी पडली म्हणूनच नोंदवतो. ध्वनिक्षेपकावर परिचित आवाज आला, “प्रयाणिकर गमनक्के...” कन्नड घोषणा नेहमीसारखी पूर्ण झाली. मग मराठी: “प्रवाशांनी लक्ष द्यावे. उमरग्याकडे जाणारी गाडी...” आणि आवाज थांबला. फलाट क्रमांक आला नाही. त्याऐवजी काहीतरी घासल्यासारखा, अर्थ नसलेला एक ध्वनी आला. मग नुसती घरघर.

“मायक गेला,” कोणीतरी म्हणाले. तिप्पण्णा खालच्या पेटीशी जाऊन वायर हलवू लागला. एक वाहक त्याला मदत करू लागला. आम्ही सगळे कर्ण्याकडे माना वर करून पाहत होतो. यंत्रात काहीच बिघाड नव्हता. बिघाड माणसात होता, आणि ते आमच्या लक्षात येण्यात मोलाचा वेळ गेला. मी जिना चढून घोषणेच्या खोलीत गेलो तेव्हा तो खुर्चीतच होता. उजवा हात टेबलावरून घसरून लोंबत होता, ओठाचा उजवा कोपरा ओघळला होता. त्याने मला ओळखले. काही सांगण्याची त्याने शिकस्त केली. डोळ्यांत शब्द होते, तोंडात एकही नव्हता.

घर जवळ म्हणून चौघांनी त्याला उचलून घरी नेले. येथे दुसरा विलंब झाला. राजश्रीची आई सोजराबाई त्या दिवसांत तिथेच राहायला आली होती. जावयाला पाहताच तिने पदर खोचला आणि खिडक्या लावायला घेतल्या.

“वारं गेलंय अंगावरनं! दार लावा. उघड्यावर न्याल तर दुसरं वारं बसंल. गोधडी आणा. आन् कुणीतरी कबुतर बघा; त्याच्या रक्तानं अंग चोळलं की धरलेलं सुटतंय.”

तिप्पण्णा भांबावला होता. “कबुतर... कबुतर स्टँडच्या पत्र्यावर असत्यात की,” असे म्हणून तो खरोखरच निघाला. मी त्याला दंडाला धरून थांबवले आणि शेजारच्या डॉक्टरांना आणायला पाठवले.

डॉक्टर आले, त्यांनी उंबऱ्यातूनच पाहिले. “इथं एक मिनिट थांबू नका. कलबुर्गीला न्या. मेंदूत रक्ताची गाठ अडकली असणार. साडेचार तासांच्या आत पोहोचून तपासण्या झाल्या तर इंजेक्शन आहे, नंतर नाही. मी पुढे फोन करतो.”

सोजराबाई दारात आडवी उभी राहिली. “एवढ्या लांब? वाऱ्यातनं? मरंल माझा जावई!”

राजश्री आतापर्यंत नवऱ्याचा थंड हात चोळत बसली होती. ती उठली. आवाज न चढवता तिने विचारले, “आये, अप्पाला बी तू खोलीतच ठेवलं होतंस. खिडक्या लावून, गोधडी घालून. अप्पा उठला का?”

सोजराबाईचा नवरा असाच अंथरुणाला खिळून गेला होता. ती दारातून बाजूला झाली. तरी गाडी आली तेव्हा तिने प्रेमानंदच्या कानांभोवती स्वतःचा टॉवेल गुंडाळला आणि चालकाला बजावले, “काचा लावूनच न्यायचं.”

एप्रिलचे ऊन आणि बंद काचा. मी पुढे बसलो होतो, मागे राजश्रीच्या मांडीवर त्याचे डोके. हुमनाबादच्या पुढे एक मालमोटार आडवी होऊन रस्ता अडला होता. चालकाने शेताच्या बांधावरून गाडी घातली. राजश्री मधूनमधून म्हणे, “अहो, माझं नाव घ्या की. एकदाच घ्या.” तो तिच्याकडे टक लावून पाही. आणि पुन्हा पुन्हा एकच करी: डावा हात ओठांपाशी नेई आणि मग बाजूला झटकी.

“पाणी मागायलेत,” राजश्री म्हणाली. तोंडाने काही देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. तिने ओला रुमाल त्याच्या ओठांना लावला. त्याने तो ढकलला आणि हात पुन्हा तसाच झटकला.

कलबुर्गीच्या रुग्णालयात डॉ. सुनीलकुमार नावाचे तरुण डॉक्टर वाट पाहत होते. स्ट्रेचर आत नेता नेताच त्यांनी पहिला प्रश्न केला, “शेवटचे नीट कधी बोलले?” मी उमरग्याच्या गाडीची वेळ सांगितली. मग प्रश्न आले ते सगळे शरीराच्या दुसऱ्याच भागांचे. साखर आहे का? रक्तदाब? मूत्रपिंड? छातीत फडफड? लहानपणी सांधे सुजले होते का? मेंदूच्या आजारासाठी आलेल्या माणसाचे गुडघे कशाला विचारतात, असे राजश्रीच्या चेहऱ्यावर दिसले. मी गुडघ्यांचे सांगितले, तिने गोळीचे.

गोळीचे नाव ऐकताच डॉक्टर थांबले. “अक्का, शेवटची गोळी कधी दिली?”

“काल रात्री. माझ्या हातानं. रोज माझ्या हातानंच देते.”

मेंदूचा फोटो तेवढ्यात झाला होता. आत रक्तस्राव नव्हता. इंजेक्शन देता येण्यासारखे होते. पण डॉक्टर म्हणाले, “ही गोळी रक्त गोठू देत नाही. तिचा अंमल असताना गाठ विरघळवणारे इंजेक्शन दिले, तर मेंदूतच रक्त वाहू लागेल. इंजेक्शन देऊन माणूस गमावायचा, असे होईल.”

राजश्री भिंतीला टेकली. नेमाने गोळी दिली हाच आपला गुन्हा ठरला की काय, अशा नजरेने ती माझ्याकडे पाहू लागली.

त्याच क्षणी स्ट्रेचरवरील डावा हात पुन्हा ओठांपाशी गेला आणि बाजूला झटकला गेला. मला विहारातील रांग आठवली. कोणतीच न्हाई. खोटं न्हाई बोललो, गुरुजी.

मी म्हणालो, “डॉक्टरसाहेब, तो पाणी मागत नाही. तो गोळी थुंकून टाकल्याचे सांगतो आहे. रक्त देता यावे म्हणून त्याने ती बंद केली असावी.”

“न्हाई!” राजश्री ओरडली. “माझ्यासमोर पाणी प्यायचे!”

डॉक्टरांनी त्याच्यावर वाकून कन्नडमध्ये विचारले, मराठीत विचारले. प्रेमानंदने पापण्या मिटून उघडल्या. ते होय होते की थकवा, हे कोणी सांगावे? डॉक्टर मला शांतपणे म्हणाले, “सर, तुमचा अंदाज बरोबर असेल. पण अंदाजावर मी इंजेक्शन देऊ शकत नाही. रक्त तपासायला गेले आहे. अहवाल येऊ द्या.”

बाहेरच्या बाकावर बसून आम्ही जी प्रतीक्षा केली, तिचे वर्णन मला साधत नाही. गोळी घेतलेली असेल तर उपाय नाही. गोळी घेतलेली नसेल तर ती न घेतल्यानेच हे झाले, पण उपाय आहे. पती आपल्याशी खोटे वागला असावा, अशी आशा राजश्रीला करावी लागत होती. ती पुटपुटत होती, “थुंकली असू दे. थुंकलीच असू दे.” आतून कोणी बाहेर आले की आम्ही दोघेही उठत होतो आणि पुन्हा बसत होतो. भिंतीवरील घड्याळाकडे पाहायचे नाही असे मी ठरवले होते. ते मला पाळता आले नाही.

अहवाल आला. रक्तात गोळीचा अंमल मुळीच नव्हता. “बरेच दिवस घेतलेली नाही,” डॉक्टर म्हणाले आणि आत धावले. मुदत संपायला थोडाच अवधी उरला असताना इंजेक्शन सुरू झाले. रक्तस्रावाचा धोका तरीही होताच. तशी कल्पना त्यांनी दिली होती आणि राजश्रीने संमती दिली होती.

दुपारी डॉक्टर आमच्यापाशी येऊन बसले, तेव्हा ज्यांना आम्ही जन्मभर निरनिराळे आजार समजत आलो, ते त्यांनी एका ओळीत मांडले. लहानपणी घसा आला. घशातल्या जंतूंशी लढताना शरीराने स्वतःचेच सांधे सुजवले आणि हृदयाची झडपही दुखावली. सांध्यांची सूज गेली, झडपेची इजा राहिली. ती वाढू नये म्हणून ते इंजेक्शन होते. झडप वर्षानुवर्षे आकसत गेली, तिच्यामागचा कप्पा ताणला गेला, ठोक्यांची लय मोडली, रक्त साचले, त्याची गाठ झाली. गोळी तिला आवरून होती. गोळी थांबली आणि गाठ रक्ताबरोबर मेंदूकडे गेली. “मेंदूत मूळ दोष काहीच नव्हता,” डॉक्टर म्हणाले. “तिथे फक्त शेवट झाला.”

संध्याकाळपर्यंत उजव्या हाताची बोटे हलली. दुसऱ्या दिवशी त्याने पहिला शब्द उच्चारला: “राज.” पुढचा भाग आला नाही, पण तेवढ्याने ती तोंडावर पदर घेऊन बाहेर निघून गेली. परत आली ती संतापून.

“कुठं टाकत होतात गोळ्या?”

तो फार वेळ शब्द शोधत राहिला. “मोगरा... कुंडी.”

“कामून?”

“रक्त... चांगलं... द्यायचं.”

“आन् मला? मला काय द्यायचं ठरवलं होतं तुम्ही?”

आता पुढे काय ठरले आणि काय राहिले, ते नमूद करतो. मराठी त्याला लवकर आली, कन्नड मागाहून. हिंदी अजून तुटक आहे, आणि गावांची नावे ऐन वेळी निसटतात. त्यामुळे ध्वनिक्षेपक तिप्पण्णाकडे गेला आणि प्रेमानंदला निवृत्तीपर्यंत पासांवर शिक्के मारण्याचे काम मिळाले. गोळी दिल्यावर राजश्री आता “आ करा” म्हणते आणि दिवा धरून गालाच्या आतपर्यंत पाहते. पुढच्या जयंतीस शिबिरात पहिले नाव तिचे होते. दुसरे आमच्या शिवप्रसादचे: रेणुकावहिनींचा मुलगा, त्या बाळंतपणातला. त्याला मी रक्त द्यायला सांगितले नव्हते. वहिनींनी सांगितले असल्यास मला ठाऊक नाही. त्या जुन्या रक्ताची फेड झाली, असे मी मानत नाही.

झडपेचे काम मात्र राहिले आहे. फुगा घालून ती उघडायची असे ठरले होते. परंतु हृदयाच्या कप्प्यात आणखी एक लहान गाठ बसलेली दिसली. गोळीने ती विरघळेपर्यंत झडपेला हात लावता येत नाही. दर तपासणीला ती थोडी लहान दिसते, पण असते. दोन वेळा तारीख पुढे गेली आहे.

तोवर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे प्रेमानंद रोज संध्याकाळी अंगणात बसून मोठ्याने गावांची नावे म्हणतो: हुमनाबाद, भालकी, औराद, उमरगा, सोलापूर. आत राजश्री भाकरी थापत असते. परवा मी गेलो होतो. भालकीनंतर तो अडला. आत भाकरीवरचा हात थांबला. “औराद,” तो म्हणाला, तेव्हा थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.